कप्तानासाठी आईंचा उपास

मिशन कंपाऊंड, शिरूर
बुधवार, दुपार

प्रिय जॉर्जदादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, सॅम्युएलचा, प्रभूच्या नावात सलाम. तुमची शुगर, वहिनींचे गुडघे आणि तुमच्या नव्या घराच्या गच्चीतून गळणारं पाणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्हा सर्वांचं देवाच्या कृपेनं उत्तम चाललं आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. चाललेलं काहीच नाही. मी आज कामावर खाडा केला आहे, एस्थर माझ्याशी बोलत नाही, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ऑक्सिजनचा एक भला मोठा सिलिंडर उभा आहे. तो का उभा आहे हे कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. (फोन केला होता. बरेचदा केला. तुमचा फोन वाजतो छान, उचलला तेवढा जात नाही. निमोण्याचा आपला दूधवाला मल्हारी उद्या सकाळी पेंड आणायला दौंडला निघाला आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. माणूस दारात आल्यावर तुम्ही दार तरी उघडाल.)

आधी मुद्द्याचं. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरचा एक मेसेज फिरत फिरत तुमच्या रेल्वे कॉलनीत पोचला, असं कानावर आलं. 'शिरूरच्या दबोराबाईंचे जवळचे बंधू उदयन बंद टाकीत अडकले असून त्यांचा श्वास कोंडला आहे, सर्वांनी गुडघे टेकावेत' असा तो मेसेज आहे. आपल्याच आईचं नाव वाचून तुमच्या काळजात धस्स झालं असेल, आणि हा उदयन आपल्या नात्यात कुठून आला म्हणून डोकंही खाजवलं असेल. तर दादा, घाबरू नका. उदयन आपल्या कुणाचा कुणीही नाही. तो अंतराळात असतो.

तुम्ही टीव्ही बघत नाही (वेळ कुठला मिळायला), म्हणून थोडं मागून सांगावं लागेल. 'ध्रुवयान' नावाची एक मालिका दर रविवारी संध्याकाळी लागते. माझं लग्न झालं त्याच्या आसपास ती सुरू झाली आणि लग्नासारखीच अजून चालू आहे. गोष्ट अशी की, कप्तान उदयन आणि त्याची माणसं यान घेऊन निघतात, वाट चुकतात, आणि तेव्हापासून पृथ्वी शोधत हिंडतायत. दर रविवारी नवा ग्रह. सगळे ग्रह खडी क्रशरवर असतात. परग्रहावरची माणसं आधी नखशिखांत हिरवी असायची, पुढं वाहिनीचा हात आखडला तशी नुसते कान हिरवे करायला लागली. कप्तान सुरुवातीला काय देखणा होता! आता त्याचं पोट सुटलंय, केसांना कलप लागलाय, पण अंगावर तोच चंदेरी सूट, त्यामुळे तो वाकला की आमचाच जीव वर-खाली होतो. पण एक गोष्ट कधी बदलली नाही. भाग संपता संपता तो काचेपाशी उभा राहतो आणि लांबच्या आईला निरोप धाडतो, की आई, ही फेरी हुकली, पुढच्या फेरीला नक्की येतो. आणि इकडे आपल्या आई, खुर्चीत सरसावून बसत, न चुकता उत्तर देतात, "ये बाबा, सावकाश ये." (तुमचा फोन आला आणि तुम्ही पुढच्या रविवारचं सांगितलंत की त्या हेच आणि अशाच सुरात म्हणतात. हे आपलं सहज लिहिलं. मनावर घेऊ नका.)

घरात ही मालिका बघणारे आम्ही दोघंच, मी आणि आई. एस्थर म्हणते, एकाला अक्कल यायची आहे आणि एकीची जायला लागली आहे, बसा शेजारी शेजारी. म्हणू दे. जावई आणि सासू यांनी एकमेकांशी बोलावं असे विषय जगात फार थोडे असतात हो, आम्हाला देवानं एक दिला. रविवारी ओव्हरटाइम लागला तरी मी शिक्रापूरहून त्या मरणाच्या ट्रकांतून गाडी हाणत येतो, आणि दाराशी पोचलो की आतून आवाज येतो, "सॅम्युएल, पाय नंतर धू, यान निघालं." माझ्या सख्ख्या आईनं माझी अशी वाट बघितली नव्हती. ही मालिका आता संपायला आली. गेल्या रविवारी शेवटून दुसरा भाग होता.

दादा, कुणी लिहिला हो तो भाग? त्या माणसाला आई नसेल काय? इतक्या वर्षांनी पृथ्वी दिसते. निळी, गोल, डोळ्यांसमोर! आई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवायला लागल्या. आणि तिथंच यानाला आग. खाली उतरायला एकच छोटी होडी. कप्तान सगळ्यांना तिच्यात बसवतो, शेवटी स्वतः निघतो, तर मधलं दार अडकतं. तो आत, होडी बाहेर. होडी सुटते. आत हवा संपत आलेली. कप्तान काचेला हात लावून खाली बघतो, खाली त्याची म्हातारी गच्चीत उभी. तो म्हणतो, आई, या फेरीला... आणि डोळे मिटतो. खलास. पडदा काळा, आणि त्यावर 'पुढील भाग अंतिम'. मी तोंडात रुमाल कोंबून रडलो. मी, स्टोअर-कीपर माणूस, ज्याच्यासमोर हेल्पर पोरं थरथरतात! आई मात्र रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या त्या काळ्या पडद्याकडं.

आता यात चूक कुणाची म्हणाल तर पाळीची. आपल्या कंपाऊंडातली रविवारची घरोघरची प्रार्थना त्या दिवशी नेमकी आमच्या घरी होती. टीव्ही बंद झाला आणि सतरंज्या अंथरायच्या आतच माणसं आली. नवे पाळकसाहेब, रॉनी नाव त्यांचं, तरुण आहेत, उत्साही आहेत, प्रार्थनेला उभे राहिले की कंपाऊंडची कुत्री गप्प होतात. दोन गायनं झाली. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, कुणाचे प्रार्थनेचे विषय आहेत का? एकीनं सुनेची परीक्षा सांगितली, एकानं बोअरचं पाणी. आणि आई उठल्या. म्हणाल्या, "आमच्या उदयनसाठी करा. दार अडकलंय, हवा संपत आलीय, आन् घर समोर दिसतंय लेकराला. आय त्याची वाट बघून म्हातारी झाली." आवाज असा, की सुनेची परीक्षा आणि बोअरचं पाणी कुठल्या कुठं वाहून गेलं.

तुम्ही म्हणाल, सॅम्युएल, तू झोपला होतास काय? दादा, प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात. शिवाय खरं सांगू का, मलाही तो वाचायला हवा होता. कंपाऊंडातल्या निम्म्या बायका मालिका बघणाऱ्या, त्यांना विषय बरोबर कळला आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. उरलेल्यांना आणि पाळकसाहेबांना वाटलं, कारखान्यातला कुणी आपला माणूस टाकीत उतरला आणि अडकला. पाळकसाहेबांनी त्या दारावर जी काही प्रार्थना केली! बिजागऱ्या मोडोत, कुलपं गळून पडोत, लेकराला त्याच्या माउलीच्या दारी आण! संपल्यावर सगळं घर 'आमेन' म्हणालं. माझं तर सगळ्यात मोठ्यानं होतं. लगोलग पाळकसाहेबांनी उपासाची साखळी जाहीर केली, म्हणजे एकानं सोडला की दुसऱ्यानं धरायचा, उदयन सुखरूप येईपर्यंत. चहा-चिवडा तसाच राहिला. मग तो मेसेज, आणि सोमवारी सकाळी दारात टेम्पो, टेम्पोत सिलिंडर, आणि पाळकसाहेब विचारतायत, पेशंट कुठल्या हॉस्पिटलात आहे?

मी सांगितलं. काय करणार? आधी यानाचं सांगितलं, मग पृथ्वीचं, मग वाहिनीचं. पाळकसाहेब हळूहळू ओट्यावर टेकले. सिलिंडर उतरवून टेम्पोवाला गेला होता, त्यामुळे तो राहिला. (आता न्यायला कुणी येत नाही. एस्थरनं त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली आहे.) दुपारपर्यंत सगळ्या मंडळीला कळलं आणि साखळी जी तुटली म्हणता! जो तो आपापल्या घरी भाकरी मोडून मोकळा. बायका माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावतायत, पण तो आता हसू दाबायला. हे सगळं मी सोसलं असतं. पण साखळीतली एक कडी तुटलेली नाही. आईंनी रविवार संध्याकाळपासून अन्नाला हात लावलेला नाही.

लिंबूपाणी घेतात, कोरा चहा घेतात. बास. त्यांना शुगर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, ती तुम्हाला त्यांच्याकडूनच आली. गोळी घ्यावी तर पोटात काही नाही, न घ्यावी तर पंचाईत. काल डॉक्टर घरी येऊन गेले. आईंशी गोड बोलले आणि मला बाहेर नेऊन दम दिला, की असंच चाललं तर या वयात फार दिवस निभणार नाही, उचलून ॲडमिट करावं लागेल, मग मला विचारू नका. मी म्हटलं, रविवारपर्यंत कसंबसं काढू, शेवटच्या भागात कप्तान घरी येईल, आई जेवतील. हे बोलून घरात येतो तर टीव्हीवर खाली पट्टी सरकतेय. क्रिकेटच्या सामन्यांमुळे 'ध्रुवयान'चा अंतिम भाग पुढे ढकलला आहे, तारीख लवकरच कळवू. लवकरच म्हणजे कधी? त्या सामन्यांना काही सुमार आहे का?

आईंना समजावून पाहिलं. म्हटलं, आई, ती गोष्ट आहे, तो नट आहे. मोबाइलवर त्याची फरशीची जाहिरात लावून दाखवली, हा बघा जिवंत, हसतोय. त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तोंडानं हसतोय, डोळे बघ त्याचे." एस्थरनं मटण केलं, नारळ भाजून, सगळं कंपाऊंड वळवळायला लागलं असा वास. आई पवित्र शास्त्र उघडून खिडकीकडे तोंड करून बसल्या. शेवटी पाळकसाहेबांनाच आणलं. म्हटलं, तुम्ही गाठ मारलीत, तुम्हीच सोडा. ते बिचारे हात जोडून म्हणाले, आजी, उदयन नावाचा माणूसच नाही. आई म्हणाल्या, "मग परवा तुम्ही परार्थना कुणासाठी केली?" पाळकसाहेब पाणी प्यायले. म्हणाले, गैरसमज झाला. आई म्हणाल्या, "प्रभूनं सांगितलेल्या दाखल्यातली माणसं तरी कुठल्या गावची व्हती? त्यांच्यासाठी तुमी पुलपिटावर रडता की. आन् आमेन म्हणला न्हवं? मग म्हणलेलं आमेन माघारी घ्यायचं कुठं लिवलंय, तेवढं मला दावा." पाळकसाहेब सेमिनरीत पहिले आले होते म्हणतात. त्यांनी आणखी एक पेला पाणी मागितलं आणि घरी गेले.

यानंतर मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण मल्हारी तुम्हाला सांगेलच, त्याच्या पोटात काही राहत नाही. मल्हारीही मालिका बघतो. त्यानं तर कप्तानासाठी बिरोबाला नारळ बोललाय. त्याला आईंचं फार आहे, त्याच्या पोरीच्या आजारपणात आईंनी रात्रीच्या रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. तो रोज दूध घालताना विचारतो, "सायेब, आज्जी जेवली का वो?" काल मी नाही म्हटलं तर तिथंच डोळ्यांत पाणी. मग आमच्या दोघांच्या डोक्यातून ते निघालं, की वाहिनी शेवटचा भाग दाखवत नाही ना, आपण दाखवू. निमोण्याच्या अलीकडे जी बंद पडलेली खाण आहे तिथं गेलो. मल्हारीला रेनकोट घातला, डोक्यात माझं हेल्मेट, पाठीला दुधाची किटली बांधली. मी मोबाइल धरला. म्हटलं, मल्हारी, तू पृथ्वीवर उतरलास, आता आईला सांग की मी घरी आलो, तू जेवून घे. पहिल्या वेळी तो खडीवरून घसरला. दुसऱ्या वेळी त्याच्या चुलत्याची मेंढरं मधे आली. मी ओरडलो तर म्हणतो, "सायेब, पिरथमीवर मेंढरं दिसायचीच की." ते मला पटलं, ठेवलं तसंच.

संध्याकाळी खटपट करून ते टीव्हीवर लावलं. मल्हारी स्वयंपाकघराच्या दारात लपून उभा, एस्थर ताट वाढून तयार. आई बघायला लागल्या. खाण दिसली, मेंढरं दिसली, हेल्मेट दिसलं. आणि आवाज आला, "आय, म्या आलू गं. दरवाजा उघडला. तू आता भाकर खा, गोळी घे." आई म्हणाल्या, "मल्हारी, दुधात पाणी घालतोस तेवढं बास झालं." दारातून मल्हारी रडवेल्या तोंडानं म्हणाला, "आज्जी, त्यो म्या न्हाईच!" मग आई हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. एस्थरनं लगेच ताट पुढं केलं. त्यांनी ते हळूच मागं सारलं आणि म्हणाल्या, "लेकरू खरंच दारात आल्याबिगर घास गिळत न्हाई गं." एस्थर उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ तिथंच राहिली. माझ्याशी बोलणं तिनं तेव्हापासून बंद केलंय. मेंढरांमुळे असेल असं मी धरून चाललोय.

तर हा असा सगळा प्रकार आहे. मी हरलो, दादा. आज सकाळी आईंना उठताना चक्कर आली, मी धरलं, तर वजन असं लागलंच नाही हाताला. डॉक्टर उद्या संध्याकाळपर्यंत बघतो म्हणाले. मला काही म्हणजे काही सुचत नाही. पण तुम्ही काळजी करू नका, हातातलं काम टाकून येण्याची तसदी तर मुळीच घेऊ नका. उदयन आपला कुणी नाही, हे कळावं म्हणूनच लिहिलं. वहिनींना सलाम, त्यांनी गुडघ्यांना थंडी लागू देऊ नये.

तुमचा,
सॅम्युएल

ता. क. तुमच्या ओळखीत कुणाला सिलिंडर हवा असल्यास कळवावे. भरलेला आहे.

दुसरा ता. क. वर 'तसदी घेऊ नका' लिहिलंय ते एस्थरच्या सांगण्यावरून. ती म्हणते, दादाला बोलवायचं नाही, त्याला त्याचं वाटलं तर येईल. मी म्हणतो, घ्या तसदी. उद्याच घ्या. गेल्याच्या गेल्या ईस्टरला तुम्ही उभ्या उभ्या आलात आणि कोरा चहा पिऊन गेलात. त्यानंतर प्रत्येक रविवारी आई सकाळी तुमच्या वाटणीचे तांदूळ भिजवतात, त्या कप्तानाची वाट बघणं नंतर, संध्याकाळचं. दौंड म्हणजे काही दुसरा ग्रह नाही, न्हावऱ्यावरून एसटी येते, नाहीतर मल्हारीच्या गाडीत पेंडेच्या पोत्यांवर बसून या. कप्तानाचं काही बोलू नका, उपासाचं काही बोलू नका. नुसतं दारातून आत या आणि भूक लागली म्हणा. तुमच्या ताटाशेजारी त्या बसतील, एवढं मला ठाऊक आहे. हेच मागायला पत्र लिहिलं होतं. बाकीचं सगळं लिहिता लिहिता झालं.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवत होतो तर आई भिंतीला धरत धरत आल्या. कुणाला लिवतोस, म्हणाल्या. मी सांगितलं, जॉर्जदादांना. मला वाटलं, आता म्हणतील, बोलव त्याला. थोडा वेळ त्या पाकिटावरच्या तुमच्या नावावरून बोट फिरवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या उपासाचं काय बी कळवू नगंस. त्यो तिकडं एकटाच जिवाला लावून घील. लिही, आय पोटभर जेवली म्हणून." आईंचा शब्द मी आजवर मोडलेला नाही. तेव्हा लिहितो. दादा, आई पोटभर जेवल्या. ताट तसंच झाकून ठेवलं आहे.